संगणकाला घातलेला परकर

संगणकाला मी परकर घातला, ही माझी पहिली चूक. पण माजरीत राहणाऱ्या माणसाला कुठलीच वस्तू उघडी पाहवत नाही. कोळशाच्या खाणीची काळी धूळ फ्रिजवर बसते, मिक्सरवर बसते, दुपारी जरा आडवं झालं तर माणसावरही बसते. मग मुलीनं भारीतलं भारी सामान टाकून जुळवून दिलेला संगणक मी उघडा कसा ठेवणार? बायकोचा जुना सुती परकर त्याच्यावर चढवला, नाडी आवळली आणि टेबलाखाली सारून दिला.

दुसरी चूक, बढाई मारली. बायकोचे थोरले भाऊ नागभीडला राहतात. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं, आणि निवृत्त झाल्यापासून घरात गप्प बसलेले. बायको फोन ठेवला की म्हणायची, "भाऊ नुसता हो-नाई करून राह्यला जी." तिचा चेहरा पाहून मी फोन लावला आणि सांगितलं, "भाऊ, रविवारी या. संगणकावर रेल्वेगाडी चालवायचा गेम आहे, लोण्यासारखा चालतो." मी स्वतः तो पाच मिनिटांच्या वर कधी खेळलो नव्हतो.

भाऊ आले, ताठ बसले, गाडी सुटली. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा होता, एकशेवीस. थोड्या वेळानं तो चाळीसवर आला, मग नव्वद, मग तीस. गाडी उचकी लागल्यासारखी चालायला लागली.

मी संगणक बंद करून चालू केला. संगणकावरचा भार कमी व्हावा म्हणून गेममधल्या सावल्या काढल्या. झाडं काढली. शेवटी फलाटावरची माणसंही काढली. तरी उचकी कायम.

"जवाईबुवा, आज संप हाय का?" भाऊ म्हणाले, पण हसले नाहीत. हे आता चहा पिऊन दुपारच्या गाडीनं परत जाणार, असं मला दिसायला लागलं. स्वयंपाकघरातून बायकोलाही ते दिसत असावं, कारण भांडी वाजत होती.

तेवढ्यात भाऊंनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. "तुम्ही आता कशालेच हात नका लावू."

त्यांनी गाडी एकदा घाटातून नेली, एकदा सपाटीवरून. दर वेळी आधी संगणक बंद करून पंधरा मिनिटं थांबले.

"दोन्ही वेळा नवव्याच मिनिटाले अडकली. म्हणजे रस्त्याचा दोष नाई. गरम होऊन राह्यलं. इंजिन कुठी हाय?"

मी पायानं टेबलाखाली दाखवलं. भाऊ गुडघे वाजवत वाकले आणि परकराची नाडी चिमटीत धरली.

"हे कोनाचं नेसन हाय?"

मग टेबल धरून जे हसायला लागले, ते थांबेचनात. बायको धावत आली, परकर ओळखला आणि तोंडाला पदर लावून उलट्या पावली आत पळाली.

परकर उतरवला. हवा घ्यायच्या जाळ्या मोकळ्या झाल्या, आकडा एकशेवीसवर जाऊन तिथंच बसला. मी गाडी सुरू करायला गेलो तर भाऊंनी हात धरला. "माणसं घाला परत. रिकामी गाडी मी चालवत नाई."

त्यानंतर मी त्यांचा सहायक झालो. सिग्नल दिसला की भाऊ मोठ्यानं त्याचा रंग पुकारायचे आणि मी हात वर करून तोच रंग परत पुकारायचा, रेल्वेत तसंच करतात म्हणे. जरा उशीर झाला की मला झापायचे. शेजारचे दोघं काय झालं म्हणून फाटकापर्यंत येऊन गेले. खरी दुपारची गाडी केव्हा निघून गेली ते आम्हाला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंना स्टेशनवर सोडून आलो. बायको चहा ओतत म्हणाली, "चांगलं चालत असतं तर भाऊ पाच मिनिटं पाहून घरी गेला असता. पुढच्या रविवारीही काहीतरी बिघडवून ठेवजा."