रामटेकला जाणारी मोटार

आमच्या घरमालक काकांनी उभ्या आयुष्यात स्वतःहून एकही निर्णय घेतला नाही, आणि तो टाळण्यासाठी त्यांनी जेवढे कष्ट उपसले तेवढे दुसऱ्या कोणी एखादे काम करण्यासाठी उपसले असते, तर नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या चौकात त्याचा पुतळा उभा राहिला असता. बाजारात वांगी घ्यायची तर वांगी विकणारीचे मत, शेजारी भेंडी विकणारीचे मत आणि रस्त्याने निमूटपणे चाललेल्या एखाद्या सद्गृहस्थाचेही मत ते घेत. शेवटी पिशवीत दोडकी येत, कारण वांग्यांवर एकमत झालेले नसे. एकदा मिशी काढावी की ठेवावी यावर न्हाव्याच्या दुकानात वाद पेटला, तोही अर्धी मिशी उतरल्यावर. तेव्हा उरलेल्या अर्ध्या मिशीबद्दल माझे मत घ्यायला काका गळ्यातल्या पांढऱ्या फडक्यासकट घरी धावत आले होते. "मास्तर, खरं सांगा गा, ठेवू का काढू?" मी म्हटले, काढा. मग ते आणखी दोघांना विचारायला गेले. लग्नाचे कसे काय ठरवलेत, असे मी त्यांना एकदा विचारले होते. "ते बाबांनी ठरवलं, म्हणून झालं," ते म्हणाले. त्यात लाजण्यासारखे त्यांना काही वाटले नाही.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून दोन खोल्यांत राहायला गेलो, त्या दिवशीच मला अंगणातल्या टिनाच्या शेडखाली नेण्यात आले. तिथे विटांवर एक मोटार उभी होती. इंग्रज साहेब लोक नागपूर सोडून गेले तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या कोण्या साहेबाकडून ती काकांच्या वडिलांनी घेतली होती, म्हणजे तोही निर्णय काकांचा नव्हताच. मुळात ती काळी होती म्हणे. मी पाहिली तेव्हा गंज वगळता तिचा स्वतःचा असा रंग उरलेला नव्हता. दाराला हात लावला की पापुद्रे निघत, मागच्या सीटवर मांजरीचे दरवर्षी बाळंतपण होई, आणि मे महिन्यात टपावर काकूंच्या मुगवड्या अशा कडक वाळत की गाडीचा काहीच उपयोग नाही असे निदान मी तरी म्हणू शकत नव्हतो. "मास्तर, तुमचं काय मत? बनवावी का मोडीत द्यावी?" मी म्हटले, अहो, मी शाळेत भूगोल शिकवतो. "मग तर फारच उत्तम! आपल्याले तटस्थ मतच पाहिजे."

ही सगळी गंमत वाटली असती, पण मधे रामटेक होते. रामटेक हे काकूंचे माहेर. मोटार नवी नवी आली तेव्हा काका सासुरवाडीला सगळ्यांसमक्ष बोलून गेले, की पुढच्या खेपेला तुमच्या दारात मोटारच उभी करतो, त्याशिवाय येत नाही. पुढची खेप यायच्या आत मोटार बंद पडली. नागपूरहून रामटेकला एस.टी. दिवसभर जातात, पण जबान म्हणजे जबान! शिवाय घरी मोटार असताना जावयाने धुरळा खात बसने जायचे? लोक काय म्हणतील? त्यामुळे लोक काही म्हणू नयेत म्हणून काकू दर भाऊबीजेला पिशवी घेऊन एकट्या बसने जात. त्यांची म्हातारी आई दारात उभी राहून लेकीच्या पाठीमागे बघे आणि विचारे, "जावई?" काकू सांगत, "मोटार सुरू झाली की येतात." हे त्यांनी मला टपावर वड्या घालता घालता सांगितले, तक्रारीचा सूरही न लावता. मला मात्र काकांचा असा राग आला की त्या महिन्याचे भाडे मी त्यांच्याशी एक शब्द न बोलता दिले.

दर रविवारी मोटार बघायला कोणीतरी येई. लग्नाची मुलगी दाखवावी तसा सगळा थाट. सकाळी तिच्यावर ओले फडके फिरे, पुढे सतरंजी पडे, पाहुण्यांना पोहे आणि वर लालभडक तर्री. काका स्वतः बॉनेट उघडून हात जोडून बाजूला उभे राहत. रेल्वेतले एक निवृत्त ड्रायव्हर आले, त्यांनी इंजिनाला कान लावला आणि बंद इंजिनाचा आवाज चांगला आहे असे सांगितले. एक ज्योतिषी आले, ते म्हणाले लोखंड शनीचे, शनी पालटेपर्यंत हात लावू नका. काटोलचा एक संत्र्यांचा व्यापारी भलत्याच कामाने आला होता, त्यालाही पोहे खाऊ घालून मत काढून घेतले. हिच्यात किती पेट्या मावतील एवढेच तो सांगू शकला. कोणी "बनवा" म्हटले की काका "मोडीत द्या" म्हणणारा शोधत, आणि तो सापडला की पुन्हा "बनवा" म्हणणारा. विचारले की उत्तर ठरलेले, "विचार करून राहिलो ना मास्तर! घाई काहून करता?" पोहे तेवढे काकू करत होत्या.

मग एका हिवाळ्यात काकूंचा भाऊ रामटेकहून आला. म्हातारी अंथरुणाला खिळली होती. डोळा उघडला की जावई आले का, एवढेच विचारत होती. काकू आत जाऊन चूल फुंकत बसल्या. काका त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत मोटारीभोवती फिरत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी मोमिनपुऱ्यातल्या मिस्त्रीला बोलावून, कोणालाही न विचारता म्हणाले, "बनवा." माझ्या हातातला चहाचा कप सांडला. मिस्त्री म्हणाला, "बन जाएगी साहब, आठ दिन में दौड़ेगी." गल्लीतली माणसे गोळा झाली, कोणी नारळ आणायला धावले, मीसुद्धा काकांची पाठ थोपटली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला.

"सुरू झाली, तर बाहेर कोठून काढता?"

सगळ्यांनी वळून गल्लीकडे पाहिले. आमची गल्ली मुळात चिंचोळी, त्यात मधल्या काळात समोरच्यांनी ऐसपैस ओटा बांधला होता. त्याच्या वास्तूचे पेढे काकांनीच सर्वांत आधी खाल्ले होते. आणि ओट्याच्या बरोबर समोर होता म्युनिसिपालटीचा विजेचा खांब. गल्लीत उजेड पाहिजे म्हणून तो खांब काकांनीच खेटे घालघालून आणवला होता! नागपुरातला यच्चयावत तज्ज्ञ त्याच वाटेने सायकली मारत आला आणि गेला, पण सगळ्यांचे डोळे इंजिनावर. मोटारीच्या रुंदीएवढा बांबू तोडून आम्ही खांबापाशी नेला. आडवा काही तो जाईना. काकांनी तो वर धरून पाहिला, खाली धरून पाहिला, मग आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाजवळ मत नव्हते.

"तुले मालूम होतं?" त्यांनी काकूंना विचारले.

"खांब गाडला त्या दिवशीच."

"मग सांगितलं काहून नाही वं?"

"तुम्ही साऱ्या नागपूरले विचारलं," काकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "मले कधी विचारलं?"

काका त्या ओट्यावरच बसले. बांबू दोन्ही हातांत धरलेलाच होता. मग अगदी हळू म्हणाले, "बरं, आता विचारतो. सांग, काय करू?"

"मोडीत द्या अन् उद्या माझ्यासंगं बसनं चला. आई मोटारीची वाट नाही पाहून राहिली. तुमची पाहून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी कबाडी हातोडे घेऊन आला. मोटार शेडमधून काढून खांबापर्यंत ढकलायची आणि तिथे उघड्यावर तोडायची असे ठरले. विटा काढल्या, फाटक्या टायरांत भाताची तणस कोंबली. काकू हिरवे लुगडे नेसून पिशवी घेऊन बाहेर आल्या, तर काकांनी मोटारीचे दार उघडून धरलेले. "बस," ते म्हणाले. कोट, टोपी, सगळा जामानिमा. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार? त्या बसल्या. मांजर उतरायला तयार नव्हते, तेही राहिले. आम्ही मागून ढकलू लागलो आणि काका चाक फिरवू लागले. ते चाक आत कशाला जोडलेले होते देव जाणे, पण वळण नसलेल्या त्या गल्लीत त्यांनी खिडकीतून हात काढून उजवीकडे वळण्याची खूणसुद्धा केली. बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि त्या सरळ समोर बघत होत्या. इतकी वर्षे त्या मोटारीला मी मनसोक्त हसलो होतो, पण त्या सकाळी मला हसता येईना. 

खांबापाशी गाडी थांबली. काका उतरले, फिरून पलीकडे गेले, काकूंचे दार उघडले आणि त्यांच्या हातातली पिशवी स्वतः घेतली. मग दोघे गल्लीतून चालत बसस्टँडकडे गेले. मागे पहिला हातोडा पडला तेव्हा काकांची पावले जराशी अडखळली, पण त्यांनी वळून पाहिले नाही.

चार दिवसांनी ते परतले. काकूंनी मला सगळे सांगितले. जावई खाटेजवळ बसले तेव्हा म्हातारीने डोळे न उघडताच त्यांचा हात चाचपला आणि विचारले, "कशानं आलात?" काकांनी नेहमीप्रमाणे इकडे तिकडे पाहिले, मग काकूंकडे पाहिले. काकू म्हणाल्या, "मोटारीत बसून निघालो, आई." म्हातारीने मान हलवली आणि तो हात रात्रभर सोडला नाही.

काकू हे सांगत होत्या तेव्हा काका शेडखालच्या रिकाम्या जागेत उभे होते. जमीन तिथे तेलाने काळी पडली होती. "इथं काय लावू वं?" त्यांनी काकूंना विचारले. मी शेजारीच उभा होतो, माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. खरे सांगतो, मला जरा वाईटच वाटले.