पाणवठ्यावरची चौकट

गवत मोजायला आलेल्या साहेबानं आमच्या वाडीला फसवलं, आणि त्या फसवणुकीच्या कागदावर सही माझी आहे.

आमची वाडी सातारा आणि सांगलीच्या शिवेवर, आटपाडीच्या अंगाला. इथं ऊस नाही, माळ आहे. मी शेळ्यांचा व्यापार करते. एका लंगड्या शेळीपासून सुरुवात केली, आता बाजारात मला बघून दलाल आवाज खाली आणतात. गावच्या समितीत एक बाई लागते म्हणून मला घेतलं. मी गप्प बसेन असं कुणी त्यांना सांगितलं होतं, कोण जाणे.

समितीचं काम म्हणजे दरवर्षी दसऱ्यानंतर येणाऱ्या सरकारी साहेबांसोबत माळाचं आरोग्य तपासायला जाणं. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, आता माळाला सुई टोचतात की काय. पण पद्धत चांगली होती, ते कबूल करते. वर पठारावर एक लोखंडी खुंटी ठोकलेली. तिच्याशी मीटरभराची चौकट ठेवायची, आत पवन्या, मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं किती, उघडी माती किती ते लिहायचं आणि फोटो काढायचा. दरवर्षी तीच खुंटी, तोच महिना. एकच शेळी एकाच काट्यावर पुन्हापुन्हा तोलावी, तसं. पहिली दोन वर्षं साहेब घामाघूम होत वर चढले. गवत गुडघ्याला लागत होतं, तसंच त्यांनी लिहिलं.

तिसऱ्या वर्षी नवे साहेब आले. इस्लामपूरकडचे, उसात वाढलेले, बूट पांढरे. पायथ्याला पाणवठ्याजवळच्या लिंबाखाली ते थांबले आणि सहायकाला म्हणाले, "ठेव इथंच."

मी म्हटलं, "सायेब, खुंटी वर हाय. हितं न्हाई."

"मावशी, माळ एकच ना?"

"एकच हाय की. मग तुमचा ताप काखेत बघायचा का बुटात?"

सहायक हसला. साहेब हसले नाहीत. पाणवठ्याला साऱ्या वाडीची मेंढरं दिवसातून दोनदा येतात. तिथं गवत उगवायचं म्हटलं तरी खुरं उगवू देत नाहीत. चौकटीत माती, लेंड्या आणि टाकळ्याचं एक झुडूप. तेवढं लिहिलं आणि वर नंबर टाकला पठारावरच्या खुंटीचा.

मी भांडले. मग साहेब गोड झाले. "पुढच्या वेळी वर जाऊ, मावशी. तुम्ही फक्त हजर होतात एवढीच सही." दुसऱ्या दिवशी बाजार होता, टेम्पो ठरला होता, शेळ्या बांधायच्या होत्या. उधारीच्या शब्दावर मी कधी बोकड सोडला नाही, पण त्या दिवशी सही सोडली.

ग्रामसभेत ग्रामसेवकानं अहवाल वाचला. माळाचं आरोग्य झपाट्यानं खालावलं, कारण अतिचराई, म्हणून पठारावर चराई बंद. पाहणी स्थानिक प्रतिनिधीच्या समक्ष झाली. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मागून आमच्यातला सगळ्यात जुना मेंढपाळ बोलला. त्याला सारी वाडी आबा म्हणते.

"शेळीची पाठ चाचपल्याबिगर घेत न्हाईस, आन् कागूद तसाच घेतलास व्हय गं?"

मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "घाई केली, चुकले."

मी सांगलीच्या कचेरीत गेले. बुटवाले साहेब बदलून गेले होते. खुर्चीत बसलेल्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माहिती वर गेली. पुढच्या पाहणीत गवत दिसलं तर बंदी उठेल."

"पुढची पाहणी कवा?"

"बंदी उठल्यावर."

तो चेष्टा करत नव्हता. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाला.

मग मी आणि आबा वर गेलो. जुन्या पाइपांची चौकट केली, खुंटीशी ठेवली. पवन्या, मारवेल, थोडी कुसळी. माती शोधावी लागली. फोटो काढून कचेरीत दिले. उत्तर आलं, की ही मोजणी अधिकृत व्यक्तीनं केलेली नाही. पाणवठ्यावर सावलीत बसणारा अधिकृत, आणि साऱ्या हयातीत गवताखेरीज काही न बघितलेला आबा अनधिकृत.

पठारावर गवत उभं वाळतंय आणि खाली मेंढरं इस्लामपूरकडून आणलेलं उसाचं वाढं चघळतायत. आबानं मेंढ्या विकायला काढल्या. त्यातल्या अकरा मीच घेतल्या. त्यानं जो भाव सांगितला तो दिला, घासाघीस केली नाही. धंद्यात असं मी कधी केलं नव्हतं, आणि ज्यानं ते माझ्यावर आणलं त्याला मी सोडणार नाही.

माझ्या सहीचं उत्तर मी ग्रामसभेत उभं राहून दिलंय: घाई केली, चुकले. आता पांढऱ्या बुटाच्या साहेबानं द्यावं, कुठल्याही जिल्ह्यात बदलून गेलेला असो. त्या दिवशी तुम्ही खुंटीपर्यंत चढला होतात का? हो की नाही, एवढंच, लेखी, आबाच्या पायरीवर येऊन.