शेजारणीचं फडकं

तणनाशकाचा वास आला की माझं डोकं आजही सणकतं. येडगावला आमच्या शेजाऱ्याने भर वाऱ्यात मक्यातल्या तणावर ते मारलं, ते उडून आलं आणि आमची फुलोऱ्यातली द्राक्षबाग गेली. वर म्हणाला, "वारा काय माझ्या बापाचा हाय?" पुढच्या हंगामात वारा त्याच्या टोमॅटोकडे फिरताच मी तेच औषध पंपात भरून बांधावर गेलो. टोमॅटो तोडणाऱ्या त्याच्या बायकोला वाटलं, मी आमच्याच रानात फवारतोय. तिने डोक्याचं फडकं सोडून माझ्यापुढे धरलं. "भाऊ, तोंड बांधा. लई वंगाळ आसतं ते." मी पंप माळावर नेऊन ओतला. त्या नालायकाशी मी अजून बोलत नाही. पण फवारणीला निघालो आणि वारा त्याच्या रानाकडे असला, तर पंप खाली ठेवतो.