बाटल्या मामांनी स्वच्छच धुतल्या होत्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतेय.

पीएचडीला मी पंचगंगेचं पाणी तपासत होते. पाला कुजून नदीत जे विरघळतं, ते पाण्यातल्या जस्ताला धरून ठेवतं — किती घट्ट, ते मोजायचं. जस्त इतकं कमी, की बोटाच्या घामानंही आकडे बिघडतात. म्हणून बाटल्या आठवडाभर ॲसिडात बुडवून धुवायच्या. ते काम लॅबमधल्या बापूमामांचं. कामाला अगदी चोख माणूस! त्या लॅबवर त्यांचा भारी जीव.

थांबा, मुद्द्याचं सांगते. सांगते की.

त्या दिवशी पाणी काढायचा प्लॅस्टिकचा डबा मी घरी विसरले. परत जायचा कंटाळा आला — होय, नुसता कंटाळा! घाटावर धुणं धूत बसलेल्या बाईंची पत्र्याची बादली मागून घेतली आणि त्या बादलीनंच बाटल्या भरल्या. त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

आकडे भलतेच आले. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाटल्या कुणी धुतल्या?

"मीच की. धा येळा धुतल्यात," मामा म्हणाले.

सर त्यांना नको नको ते बोलले. मी शेजारीच उभी होते. तोंड उघडायला असा किती वेळ लागतो हो? मी वहीत बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मामांना गेटवर बसवलं.

पुढच्या खेपेला मी आठवणीनं डबा नेला. आकडे बरोबर आले. सर म्हणाले, बघ, माणूस बदलला आणि काम सुधारलं. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोलले. भित्री मेली!

संध्याकाळी गेटवर मामांनी थांबवलं. आकडे नीट आले का, विचारलं. आले म्हटलं. तसे ते म्हणाले, "म्हंजे माझंच चुकलं म्हणायचं. कुठं चुकलं ते कळंना झालंय बघा ताई. तुमचं लई नुकसान केलं मी."

आणि मी — मी काय म्हणाले माहितीय? "असू दे मामा. मी मनात ठेवलेलं नाही."

त्यांनी मला हात जोडले. मी जोडू दिले.