टँकरच्या रांगेत गुलाबबाई

आमच्या घरात कोळी आला, तो पाणी वाचावं म्हणून.

झालं असं, की त्या दुष्काळात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. नेमक्या त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांनी आमच्या अप्पांना (म्हणजे माझ्या यजमानांना, गंजगोलाईत कापडाचं दुकान, आवाज मोठा, रक्तदाब त्याहून मोठा) सांगितलं, की एखादा शांत छंद लावून घ्या. अप्पा घरी आले ते माशांच्या टाकीचं माप घेऊनच.

“किती पाणी लागतं हिला?” मी विचारलं.

“साठ लिटर. फक्त.”

मी नुसतं स्वयंपाकघरातल्या माठाकडे बघितलं. मासे बाद झाले. मग मी नेहमीप्रमाणे यादी केली. कुत्रा पितो, पोपट अंघोळ करतो, कासव तर पाण्यातच राहतं. यादी संपली आणि अप्पांचं तोंड उतरलं. तेव्हा मी नांदेडला माझ्या धाकट्या भावाला, बसवराजला फोन केला. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि घरी टॅरंटुला पाळतो. टॅरंटुला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. (त्याच्या बायकोनं हे कसं चालवून घेतलं, हा वेगळा विषय आहे.)

“अक्का, तुझ्या अटीत बसणारा जगात हा एकच प्राणी आहे,” बसवराज म्हणाला. “या तुम्ही. दाजींना निवडू दे.”

दाजींना निवडू दिलं असतं, तर हे लिहायला मी राहिले नसते.

बसवराजच्या मागच्या खोलीत मांडणीवर काचेच्या पेट्या होत्या. मी पिशवीतून एका जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू काढली आणि रकाने पाडले. पाणी, चावणं, पळणं, खाणं, आयुष्य.

पहिली झाडावर राहणारी होती, पायांची टोकं गुलाबी. नाजूक, देखणी. “हिला दमट हवा लागते. रोज थोडं पाणी फवारायचं,” बसवराज म्हणाला.

“आमच्या तुळशीला आठवड्यात फवारा नाही. पुढची.”

पुढची आफ्रिकेची. पेटलेल्या निखाऱ्यासारखी नारिंगी. अप्पा पेटीला नाक लावून उभे राहिले आणि हलेनात. पाणी कमी लागतं म्हटल्यावर तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्न ठरलंच.

“दाजी, ही नवशिक्याची नाही,” बसवराज म्हणाला. “रागीट आहे. झाकण उघडलं की झाकणाच्या आधी ही बाहेर. चावली तर दिवसभर ठणका.”

“दुकानात गिऱ्हाईक सांभाळतो मी. ही काय.”

“गिऱ्हाईक भिंतीवर चढतं का?” मी विचारलं आणि चावणं, पळणं या दोन्ही रकान्यांत फुल्या मारल्या.

तिसरी मेक्सिकोची, गुडघ्यांवर केशरी पट्टे. स्वभावानं गरीब, पण चिडली की पोटावरचे बारीक केस उडवते, मग अंगाला खाज. शिवाय बसवराजकडे तिची फक्त पिल्लं होती, वाटाण्याएवढी. अप्पांना चष्म्याशिवाय वाटाणासुद्धा दिसत नाही.

चौथ्या पेटीत मला वाटलं, नुसती माती आहे. मग कळलं, की एका कोपऱ्यातली माती म्हणजेच ती आहे. तपकिरी, वर थोडी गुलाबी झाक. चिलीच्या कोरड्या मुलखातली.

“ही काय करते?” अप्पांनी विचारलं.

“काही नाही,” बसवराज म्हणाला. “बसते. केस हिचेही उडतात, पण तेवढासुद्धा उत्साह ती सहसा दाखवत नाही. एक बाटलीचं टोपण पाणी ठेवायचं, झालं. आणि उपास करते. कधी कधी महिनोन्महिने.”

आमचं लिंगायत घर. मांसाहारी पाहुणी येणार म्हणून मनात थोडी धाकधूक होती, ती उपासाचं ऐकून गेली. “हीच,” मी म्हणाले.

“तू नवरा निवडताना इतकी चौकशी केली होतीस का?” अप्पा म्हणाले.

“नाही. म्हणून आता करतेय.”

निघताना बसवराजनं मला बाजूला घेतलं. “अक्का, एकच सांगतो. हिला पडू देऊ नको. जड पोट असतं, हातभर उंचीवरून पडली तरी फुटतं. बाकी हिला काही होत नाही.”

गुलाबबाई (नाव अप्पांनी ठेवलं) आमच्याकडे आली आणि बसली. अप्पा रोज दुकानातून आले की तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. दोघंही हलायची नाहीत. महिन्यानं डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि यंत्र बिघडलंय का म्हणून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मोजला. तेव्हापासून गुलाबबाई आमच्या घरात औषधाच्या जागी होती.

आता आमच्या गल्लीच्या रांगेबद्दल सांगायला हवं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. आधी लोक रांगेत तांब्या ठेवून नंबर धरायचे आणि पाळी आली की घरातून भलामोठा ड्रम बाहेर काढायचे. त्यावरून भांडणं होत होती. मग मी नियम केले. एक घर, एक भांडं. जे भांडं रांगेत लावलं तेच भरायचं, मध्ये बदलायचं नाही. रांगेतून काढलं, तर पाळी गेली. हे मी ठळक अक्षरात लिहून विजेच्या खांबाला चिकटवलं आणि अंमलबजावणी समोरच्या रेहानाआपांकडे दिली. त्यांच्या घरी गाद्या भरायचा धंदा. कापूस पिंजून पिंजून त्यांच्या हाताला आणि जिभेला चांगलीच धार आली होती.

त्या दिवशी सकाळी मी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून बाहेर येते तोच गल्लीत ओरडा झाला, टँकर चौकात आला म्हणून. घरात प्यायला एक तांब्या पाणी उरलं होतं. मी न्हाणीघराजवळचा निळा ड्रम उचलला, झाकणासकट कमरेवर घेतला, धावत गेले आणि रांगेत आदळला. आमचा नंबर मधोमध लागला. मी समाधानानं पदर खोचला आणि तेवढ्यात फोन वाजला.

“अगं,” अप्पा दुकानातून बोलत होते, “निळा ड्रम हलवू नको.”

“का?”

“तू न्हाणीत होतीस तेव्हा पेटीतली माती काढली. नवीन नारळाचा भुसा दुकानात राहिलाय, तो घ्यायला आलोय. तोवर गुलाबबाई ड्रममध्ये आहे. तिचं पाण्याचं टोपणही ठेवलंय आत.”

माझ्या डोळ्यांसमोर मघाचं धावणं आलं, कमरेवरचे हिसके आले, आणि शेवटी ते आदळणं.

“अहो, लवकर या,” मी एवढंच म्हणाले.

“का? हलवलास का? आपटलास का?”

“रक्तदाब सांभाळा,” म्हणून मी फोन ठेवला.

झाकण उघडून बघावं, तर गल्लीभर माणसं. एकाला जरी ती दिसली, तर पहिली चप्पल पडणार आणि मग ड्रम पालथा होणार. ड्रम घरी न्यावा, तर पाळी गेली. पुढचं पाणी आठवड्यानं. आणि तिथंच उभं राहावं, तर रांग पुढे सरकत होती. आमच्या गल्लीत ड्रम पुढे सरकवायची पद्धत एकच आहे, लाथ.

मागच्या घरचे सुतारकाका पाय उचलून तयारच होते. मी मध्ये घुसले. लाथ माझ्या नडगीवर बसली.

“अरं, वैनी! लागलं का?”

“नाही. आमचा ड्रम मीच सरकवते.”

मी दोन्ही हातांनी ड्रम कवेत धरला, वीतभर उचलला आणि पुढे अलगद टेकवला. पुन्हा रांग हलली. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला.

“वैनी, रिकामा ड्रम हाय की बाळंतीण हाय?” रेहानाआपा म्हणाल्या. “लईच जपून राहिलात.”

“कमरेत उसण भरलीय, आपा.”

“उसण भरल्यावर कुणी उचलतं व्हय?”

पुढे दोघी उदगीर जिल्हा होणार, यावर बोलत होत्या. आपा त्यांच्यावर घसरल्या. “लातूर जिल्हा झाला तवा आमाला पेढा दिलता. पेढा खाल्ला, अन् आता बघा, पानी प्याया रेल्वेची वाट बघून राहिलो. उदगीरवाल्यांला म्हणावं, पेढा घेऊ नका, ड्रम घ्या.”

एरवी मी यावर मनापासून हसले असते. आता माझं लक्ष पाइपाकडे होतं. पुढे चार ड्रम, मग तीन, मग दोन. अप्पांचा पत्ता नव्हता. ड्रायव्हरनं समोरचा ड्रम भरला, पाइप वळवला आणि आमच्या झाकणाला हात घातला. मी झाकणावर बसले.

“यात नको,” मी म्हणाले.

“मग कशात?” ड्रायव्हर म्हणाला.

“मी घागर आणते. आत्ता आणते.”

रेहानाआपांनी सावकाश विजेच्या खांबाकडे बघितलं. “वैनी, त्ये तुमीच लिवलंय न्हवं?”

“आत आधीच पानी दडवलेलं असंल,” मागून कुणीतरी म्हणालं.

हे मात्र लागलं. इतकी वर्षं गल्लीत मी शिस्तीची म्हणून ओळखली जाते. मी झाकणावरून उठले, आपांचा हात धरला, त्यांना जवळ ओढलं आणि झाकण चार बोटं वर केलं.

आपांनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या हातानं झाकण खाली केलं, इतकं हळू, की आवाजसुद्धा झाला नाही.

“जित्तं हाय?” त्या कुजबुजल्या.

“माहीत नाही. मी आपटलंय.”

“कुनाचं हाय?”

“अप्पांचं. बीपीसाठी.”

आपांनी मान हलवली. बीपी त्यांच्याही घरात होतं. “किती पानी पितंय?”

“एक टोपण.”

आपा मग रांगेकडे वळल्या. “मागं सरा सगळे. वैनीच्या ड्रमात पेशंट हाय.” आणि मला म्हणाल्या, “आता कायदा म्हंजे कायदा. ड्रमात जे भांडं हाय, त्ये भरा. तेवढीच तुमची पाळी.”

त्यांनी घरातून वाटी मागवली, पाइपाखाली धरली आणि माझ्या हातात दिली. मी झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात ड्रममध्ये घातला. इतक्या महिन्यांत मी तिच्या पेटीलाही कधी हात लावला नव्हता. ड्रमच्या तळाशी गुलाबबाई पाय आखडून बसली होती. टोपण कलंडलं होतं. मी बोटानं ते सरळ केलं, वाटी तिरकी केली. पाण्याची धार पडली. ती हलली नाही. मग तिनं पुढचा एक पाय उचलला, माझ्या अंगठ्यावर ठेवला, जरा चाचपला, नापसंत केला आणि टोपणाच्या काठावर टेकवला.

“जित्तं हाय,” आपांनी जाहीर केलं. “चला, पुढचं भांडं.”

सुतारकाकांचा ड्रम लागला आणि आमची पाळी संपली.

तेवढ्यात अप्पा स्कूटरवरून आले, मांडीवर भुशाचं पोतं. ड्रममध्ये डोकावले, पाणी पिणारी गुलाबबाई बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी विचारलं, “आपल्याला किती मिळालं?”

“टोपणभर.”

“मग पुरेल की,” ते म्हणाले. ते तिच्याबद्दल बोलत होते.

संध्याकाळी आपांची सून दोन घागरी घेऊन आली. “अम्मीनं सांगितलंय, ह्ये रांगेतलं न्हाई, घरातलं हाय. अन् यातलं पेशंटला द्यायचं न्हाई. तिचं तिला मिळालंय.”

मी ती जुनी लग्नपत्रिका पुन्हा काढून बघितली. पाण्याचा रकाना अगदी बरोबर होता. सगळ्यात कमी पाण्यात भागवणारा प्राणी मी बिनचूक निवडला होता. फक्त तेवढ्या पाण्यात आम्हालाही भागवावं लागेल, असा रकाना पाडायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.