मास्तरांचं वजन

आपण तसूभरही न बदलता भोवतालच्या माणसांचं आयुष्य बदलून टाकणारा माणूस उभ्या कोकणात एकच झाला, आणि तो म्हणजे दिवेआगरच्या शाळेतले आमचे रसायनाचे मास्तर. एकटा जीव. संध्याकाळी आमच्या ओटीवर माझ्या पंक्तीला जेवायचे. त्यांचं सगळं प्रेम उत्प्रेरकावर. पोटॅशियम क्लोरेट नुसतं तापवलं तर प्राणवायू द्यायला किती रडवतं आणि उत्प्रेरक म्हणून चिमूटभर काळी पूड घातली की कसं भराभर देतं, हे ते दरवर्षी नव्याने थक्क होऊन दाखवत. मग ती पूड धुऊन, वाळवून तोलत. "बघा, एवढं घडवून आणलंन, आणि स्वतः गुंजभर झिजली नाही!"

हाच नियम ते स्वतःलाही लावत. कुणाचं भांडण मिटवलं, कुणाचं लग्न जुळवलं, की आमच्या वाडीत येऊन सुपारीच्या मोठ्या तराजूत मांडी घालून बसत. "अण्णा, तोला जरा." माझे वडील निमूटपणे तोलत. किलो अजून गावात यायचे होते. मास्तर भरत एक मण दहा शेर, दर खेपेला तेवढेच, आणि त्यावर लहान मुलासारखे खूश होत.

माझंही लग्न त्यांनीच जुळवलं. शेजारच्या वाडीतली मुलगी मला आवडायची, तिलाही मी. दोन्ही घरांना पसंत. पण अण्णा म्हणत, "मुलीकडच्यांनी आधी यावं." तिचे वडील म्हणत, "मुलाकडच्यांनी पत्रिका तरी मागावी." दोघे दोन वर्षं वाट बघत बसले, आणि तिला अलिबागचं एक स्थळ सांगून आलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर शांतपणे म्हणाले, "अरे, क्रिया व्हायचीच आहे. मधला चढ तेवढा कमी करायला हवा." त्यांनी दोघांच्याही वडिलांना प्रयोग बघायला शाळेत बोलावलं आणि एकाच बाकावर बसवलं. नुसती धुमसणारी काडी प्राणवायूत भक्कन पेटली, तसे दोघेही दचकले आणि एकमेकांचे हात घट्ट धरून बसले. मग हसू फुटलं. हसता हसता अण्णांनी पत्रिका मागितली, आणि तिच्या वडिलांनी ती कोटाच्या खिशातून काढून दिली. दोन वर्षं तिथेच होती म्हणे!

लग्नानंतर मास्तर तराजूत बसले. एक मण दहा शेर.

पुढे मी बायकोला घेऊन नोकरीसाठी मुंबईला गेलो. दिवाळीत आलो तेव्हा मास्तर सवयीने तराजूत बसले. अण्णांनी वजनं काढली, पुन्हा घातली. चार शेर कमी. मी गेल्यापासून ते जेवायला फिरकलेच नव्हते, असं आई मागून हळूच म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

"अण्णा, तराजू चुकतोय तुमचा," मास्तर म्हणाले.

त्या तराजूबद्दल जन्मात कुणाचा शब्द ऐकून न घेतलेले अण्णा खाली बघत म्हणाले, "हो मास्तर. जुना झालाय आता."

संध्याकाळी आम्ही त्यांना हाताला धरून ओटीवर आणलं, पानावर बसवलं. पोटभर जेवले. पण माझी रजा चारच दिवसांची होती.