उणे ऐंशीच्या फ्रीजरवरची पाटी

आमच्या सांगलीच्या हॉस्पिटलात पाण्याचे चार कूलर आहेत. चारही कूलरवर पाट्या आहेत, अमक्याच्या स्मरणार्थ, तमकीच्या स्मरणार्थ. बाकांवर पाट्या आहेत, पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा आहेत. पंखा चालू असला की वाचता येत नाहीत एवढंच. आपल्याकडे लोक देत नाहीत असं कुणी म्हणू नये. पण मला कूलर नको होता. मला उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर हवा होता आणि त्यासाठी मी दोन वर्षं चपला झिजवत होते.

मी इथल्या कॅन्सर संशोधनाच्या लॅबमध्ये काम करते. आमच्या भागातल्या पुष्कळ बायका मिश्री लावतात. भाजून काळी केलेली तंबाखू; दात घासायला म्हणून सुरू होते आणि जन्मभर सुटत नाही. त्यातल्या काहींच्या गालात आतून पांढरे चट्टे येतात. सगळ्याच चट्ट्यांचा कॅन्सर होत नाही. कुठल्याचा होणार ते नुसत्या थुंकीवरून कळावं, अशी एक तपासणी आमच्या सरांनी बसवली होती. लॅबमध्ये ती झकास चालली. पण लॅबमध्ये चालणं वेगळं आणि उंब्रजच्या दवाखान्यात चालणं वेगळं. गावोगावच्या बायकांचे नमुने घ्यायचे, गोठवून ठेवायचे, त्या बायकांचं पुढे काय होतं ते काही वर्षं बघायचं आणि मग ताडून पाहायचं. या मधल्या कामाला पैसे मागायला गेलं की शोधाला पैसे देणारे म्हणतात, शोध तर लागला की. दवाखान्याला देणारे म्हणतात, सिद्ध झालं की या. तोवर आमचा जुना फ्रीजर घरघर करत होता. तो बंद पडला असता तर सगळ्या नमुन्यांचं एका दिवसात पाणी झालं असतं.

दारोदार फिरताना प्रत्येक जण एकच विचारायचा, उपयोग होईल का? मी खरं सांगायचे, माहीत नाही. मग समोरचा हसून चहा मागवायचा आणि महिन्याभरानं कूलर पाठवायचा. सर वैतागायचे. म्हणायचे, "अहो, 'नक्की होईल' म्हणायला काय जातं तुमचं?" माझं काही जात नव्हतं, पण जीभच वळायची नाही. तोंडाळ म्हणून मी आधीच बदनाम आहे, त्यात खोटारडी कशाला व्हायचं?

अशात एक दिवस मेजर आले. आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, हुद्दा कुणी विचारत नाही. उंब्रजजवळच्या एका गावचे, ऊस लावणारे, साठी उलटलेली. बायको तोंडाच्या कॅन्सरनं आमच्याच हॉस्पिटलात गेलेली. तिच्या वर्षश्राद्धाच्या आधी त्यांना काहीतरी द्यायचं होतं.

"कूलर द्यावा म्हंतो," ते म्हणाले.

माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. सकाळपासून फ्रीजरचं तापमान वर चाललं होतं. मी म्हटलं, "काका, आता कूलर दिलात तर तो मी घरी नेईन." आणि फ्रीजरचं सगळं सांगितलं.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुमचं शिबिर आमच्या गावात झालं हुतं. मालकिनीनं बी दिली हुती थुकी. दोनदा."

"दोनदा का?"

"पयल्यांदा जाताना मिश्री लावून गेली. डाक्टरांफुडं तोंड सवच्छ नको व्हय? तुमच्या लोकांनी परत धाडली, म्हनली नमुना खराब झाला, एक दिस मिश्री न लावता या. आवं, तिला सकाळी चूल पेटवायच्या आदी मिश्री लागायची. दिसभर डोकं धरून बसली. कुनाशी बोलली न्हाई. पन लावली न्हाई."

हे मला माहीत होतं, म्हणजे तिचं नव्हे, एकूण. पहिल्या शिबिरात निम्म्या बायका खास आमच्यासाठी मिश्री लावून आल्या होत्या आणि मी त्यांच्यावर चिडले होते. आता मेजरांसमोर मला माझीच लाज वाटली.

"उपेग हुईल का त्याचा?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, काका. असले बहुतेक शोध मध्येच बारगळतात."

"तिला समदे शेवटपातूर म्हनत हुते, बरं वाटंल. तुमी तरी खरं बोलताय," असं ते म्हणाले आणि फ्रीजर द्यायचं कबूल केलं. एकच अट, पाटी पाहिजे.

फ्रीजरची खोली कायम कुलपात असते, तिथे पाटी कोण वाचणार, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मी वाचंन की." मग पाटी बसली. दरवर्षी तिच्या तिथीच्या आसपास ते नातेवाइकांना घेऊन यायचे. मी कुलूप काढायचे, सगळे फ्रीजरला हात जोडायचे. पहिल्या वर्षी त्यांच्या वहिनीनं, मी नको म्हणेपर्यंत, पाटीला हळदकुंकू लावूनही टाकलं. फ्रीजरचं दार मात्र मी कधी उघडू दिलं नाही. आतली थंडी जाते. त्यातली बायकोची नळी कुठली, हेही त्यांनी एकदाच विचारलं. नळ्यांवर फक्त नंबर असतात, नावांची यादी सरांकडे, मलाही माहीत नाही, म्हटल्यावर पुन्हा विषय काढला नाही.

यंदा निकाल लागला. तपासणी नापास झाली. गावातल्या बायकांमध्ये कुठला चट्टा बिघडणार आणि कुठला नाही, हे तिला सांगता येईना. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. घरी जाऊन रडलेही, खोटं कशाला सांगू. आणि पुढच्याच आठवड्यात मेजर येणार होते. सर म्हणाले, "आधी चहा द्या, मग सांगा."

मी चहाच्या आधीच सांगितलं. या वेळी ते एकटे आले होते. खुर्चीच्या कडेवर बसून ऐकलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग फ्रिज काढनार?"

"नाही. पुण्याची एक लॅब दुसरी तपासणी करून बघतेय. त्यांना पुढची सगळी हकीकत ठाऊक असलेले जुने नमुने हवेत. असे नमुने फार कमी ठिकाणी आहेत, आपल्याकडे आहेत. प्रत्येक नळीतलं थोडं थोडं आज पाठवतोय, बाकीचं इथंच राहील."

"ती तरी लागू पडंल?"

"माहीत नाही, काका."

त्यांनी मान हलवली. नळ्या काढायच्याच होत्या, म्हणून त्या दिवशी त्यांच्यासमोर फ्रीजरचं दार उघडलं. पांढरी वाफ खाली उतरली. मी जाड हातमोजे घालून एकेक रॅक बाहेर काढत होते आणि ते दोन्ही हात मांड्यांना लावून ताठ उभे होते.

"ह्यात तीबी जानार न्हवं?"

"सगळ्यांचे जाणार. तिचाही."

"म्हंजी त्या दिवशी डोकं धरून बसली हुती, ते फुकट न्हाई गेलं."

मी हातातला रॅक कोरड्या बर्फाच्या डब्यात ठेवला. "अजून तरी नाही," म्हटलं.